वहीतली गोळी जप्त, खरी गोळी मोकाट

पोस्ट मोठी आहे. वेळ असेल तर वाचा, नाहीतर सेव्ह करून ठेवा. पण अर्धी वाचून कमेंट करू नका ही विनंती.

तर झालं असं की, गेल्या महिन्यात माझ्या भाच्याची वही शाळेत जप्त झाली. भाचा नववीत आहे. शाळेचं नाव घेत नाही, कारण प्रश्न एका शाळेचा नाही. बॅग तपासताना एका सरांना ही वही सापडली. वर लिहिलेलं, 'शस्त्रं आणि गोळ्या - प्रायोगिक'. झालं! वही मुख्याध्यापकांकडे, ताईला आणि भावोजींना बोलावणं, 'मुलाच्या मनात हिंसक प्रवृत्ती दिसतात' असा शेरा, आणि समुपदेशकाकडे नेण्याचा सल्ला. वही अजून परत मिळालेली नाही. ताई घरी येऊन रडली. भावोजींनी मुलाचे फासे कचऱ्यात टाकले. आणि पोरगं आता काहीच लिहीत नाही.

ती वही मी आधी पाहिलेली होती, कारण ती माझ्याच खेळासाठी लिहिलेली होती. म्हणून बोलायचा अधिकार मला आहे असं मी मानतो.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. टेबलटॉप रोल-प्लेइंग गेम म्हणजे चारपाच जण टेबलाभोवती बसतात. एक जण गोष्ट सांगतो, त्याला गेम मास्टर म्हणतात. बाकीचे त्या गोष्टीतली पात्रं होतात. 'मी दार उघडतो' म्हटलं की उघडलं का नाही हे फासे ठरवतात. मोबाइल नाही, स्क्रीन नाही. कागद, पेन्सिल, फासे आणि चहा. १९७४ साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' आला आणि हा प्रकार सुरू झाला. आमचा पाचसहा जणांचा ग्रुप पुण्यात रविवारी बसतो. सुट्टीत भाचा येतो तेव्हा तोही बसतो.

आमच्या गोष्टीत त्याचं पात्र आहे एक शस्त्र दुरुस्त करणारा कारागीर. साहजिकच नव्या गोळ्या शोधायचं काम त्याच्याकडे. वहीत काय होतं ते सांगतो. 'धूरगोळी' - फुटली की दाट धुकं होतं, त्यात आपले लोक पळून जातात. तोटा: आपल्यालाही काही दिसत नाही. 'चिकटगोळी' - पाय जमिनीला चिकटतात. तोटा: पावसात चालत नाही. आणि माझी सगळ्यात आवडती 'विसरगोळी' - ज्याला लागेल तो शेवटचा एक तास विसरतो. तोटा: झाडणाराही विसरतो, आणि मग आपण गोळी का झाडली हे कुणालाच आठवत नाही.

प्रत्येक गोळीपुढे 'तोटा' असा रकाना. तो मी घालायला सांगितला नव्हता, पोराने स्वतःहून घातला. शाळेतल्या एकाही मोठ्या माणसाने हा रकाना वाचला नाही. शीर्षक वाचलं आणि पुरे झालं.

आता मुद्द्यावर येतो.

पहिली गोष्ट. मी शाळेची भीती खोटी म्हणत नाही. अमेरिकेतल्या शाळांमधल्या गोळीबाराच्या बातम्या आपण सगळेच बघतो. वहीत वर्गातल्या एखाद्या मुलाचं नाव असतं, कधी आणि कुठे गाठायचं ते असतं, खरी दारू कशी मिसळायची ते असतं, तर शाळेच्या आधी मीच मुलाला घेऊन बसलो असतो. पण खेळातल्या शस्त्राच्या पानावर असतं काय? नाव, वजन, किंमत, किती फासे टाकायचे, किती लांब जातं. ते वाचून जगातला कुठलाही माणूस काहीही बनवू शकत नाही. २०१३ साली अमेरिकेत थ्री-डी प्रिंटरवर छापता येणाऱ्या पिस्तुलाचा आराखडा इंटरनेटवर टाकला गेला, तेव्हा तिथल्या सरकारने तो काढायला लावला. त्यावर वाद झाला आणि तो व्हायलाच हवा होता, कारण ती कृती होती. कृती आणि गोष्ट यातला फरक नववीच्या मुलाला कळतो. शिक्षकांना कळायला काय हरकत आहे?

दुसरी गोष्ट. 'असले खेळ मुलांना युद्धाकडे नेतात' हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता हसू येतं. इतिहास बरोब्बर उलटा आहे. टेबल, फासे, नियमांचं पुस्तक आणि निवाडा करणारा पंच, हे सगळं लष्कराचं आहे. १८२४ साली प्रशियाच्या लष्करातल्या राइसविट्झ नावाच्या लेफ्टनंटने 'क्रीगश्पील' हा खेळ सेनापतींना दाखवला. अधिकाऱ्यांना लढाई शिकवायला तो इतका उपयोगी वाटला की लष्कराने उचलून धरला. पुढे १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी खेळण्यातल्या सैनिकांच्या लढाईचं 'लिटल वॉर्स' हे पुस्तक लिहिलं. त्यांचं म्हणणं साधं होतं: छोटं युद्ध खेळून बघा म्हणजे मोठं युद्ध किती मूर्खपणाचं आहे ते कळेल. पुढच्याच वर्षी महायुद्ध सुरू झालं. ते सुरू करणाऱ्यांची वही कुणी जप्त केली नव्हती.

म्हणजे खेळाने लष्कराला बिघडवलं नाही, लष्कराकडून खेळ आला.

गोळ्यांचंही तेच. खेळांच्या पुस्तकात ज्या 'भविष्यातल्या' गोळ्या असतात त्यातल्या कितीतरी आधी कारखान्यात बनलेल्या आहेत. बिनकवचाची गोळी, म्हणजे पितळी पुंगळीच नाही, दारूच्याच घट्ट वडीत गोळी बसवलेली. भविष्यातल्या खेळांमध्ये ही हमखास भेटते. ती जर्मनीच्या हेक्लर अँड कॉख कंपनीच्या जी-११ रायफलसाठी खरोखर तयार केली होती. अडचण काय आली? गोळी झाडल्यावर पितळी पुंगळी बाहेर पडते ती स्वतःबरोबर उष्णताही घेऊन जाते. पुंगळीच नाही तर बंदूक तापते, आणि घोडा न दाबता गोळी सुटायची भीती. त्यावर त्यांनी दारू बदलून उपाय काढला, पण तेवढ्यात दोन्ही जर्मनी एक झाले, शीतयुद्ध संपलं, पैसा आटला आणि प्रकल्प गुंडाळला.

'वॉरहॅमर ४०,०००' हा १९८७ पासूनचा खेळ. त्यातला बोल्टर प्रसिद्ध आहे. छोट्या रॉकेटसारखी उडणारी आणि आत घुसून फुटणारी गोळी. रॉकेटसारखी गोळी? अमेरिकेत १९६० च्या दशकात जायरोजेट नावाचं पिस्तूल विकायला होतं, ते हेच करायचं. आणि फसलं. कारण रॉकेटला वेग पकडायला वेळ लागतो, नळीतून बाहेर पडताना ते हळू असतं. म्हणजे समोरचा जितका जवळ, तितकी गोळी निकामी. भाच्याच्या वहीतला 'तोटा' रकाना आठवतोय ना?

आणि माणसाच्या अंगात घुसून फुटणारी गोळी? ती रशियन लष्कराने १८६० च्या दशकातच बनवली होती. आधी दारूगोळ्याच्या गाड्या उडवायला, मग अशी सुधारून की मऊ वस्तूवर आदळली तरी फुटेल. मऊ वस्तू म्हणजे काय ते तुम्हाला कळलं असेलच. रशियन सरकारलाच त्याची भीती वाटली, आणि १८६८ च्या सेंट पीटर्सबर्ग जाहीरनाम्यात ४०० ग्रॅमपेक्षा कमी वजनाच्या फुटणाऱ्या गोळ्या युद्धात वापरायच्या नाहीत असं ठरलं. म्हणजे बोल्टर कागदावर यायच्या शंभरावर वर्षं आधी तिच्यावर बंदी आलेली होती. हे मला खेळामुळे कळलं. शाळेत कुणी शिकवलं नव्हतं.

आता तिसरी गोष्ट, आणि ही जरा घराजवळची आहे.

'गर्प्स' नावाच्या खेळात गोळ्यांचा एक नियम आहे. चिलखत भेदणारी गोळी घेतली तर समोरच्याचं चिलखत निम्मं धरायचं, पण जखम लहान होते. पोकळ टोकाची गोळी घेतली तर उलट. चिलखतापुढे ती लुळी पडते, पण उघड्या अंगात शिरली की पसरते आणि जखम मोठी होते. मुलं ही निवड करताना चर्चा करतात. समोर कोण आहे? त्याच्या अंगावर चिलखत आहे का?

ही पसरणारी गोळी जगभर ज्या नावाने ओळखली जाते ते नाव आहे 'डमडम'. डमडम कुठे आहे? कोलकात्याजवळ. तिथल्या इंग्रजांच्या दारूगोळा कारखान्यात १८९० च्या दशकात कॅप्टन बर्टी-क्ले याने ही गोळी तयार केली. गोळीच्या टोकावरचं धातूचं वेष्टण काढायचं, आतलं शिसं उघडं ठेवायचं. का? तर वायव्य सरहद्दीवरच्या मोहिमांत साधी गोळी लागूनही पठाण चालत येतात अशी साहेबांची तक्रार होती. तिराहच्या मोहिमेत ती वापरली. १८९९ मध्ये हेगला परिषद भरली, या गोळीवर बंदीचा ठराव आला. ब्रिटनच्या प्रतिनिधीने काय बाजू मांडली? सुसंस्कृत सैनिक गोळी लागली की मागे जातो, पण 'रानटी' माणूस अंगात गोळी घेऊनही येतच राहतो, त्याच्यासाठी ही लागते. ब्रिटन आणि अमेरिका विरोधात राहिले, ठराव तरी झाला. पण त्यातही मेख होती. बंदी फक्त सही करणाऱ्या देशांच्या आपापसातल्या युद्धाला लागू. म्हणजे आपल्यासारख्या गुलामांवर चालवायला मोकळीक!

खरी प्रायोगिक गोळी ही अशी असते. आपल्या भूमीवर बनलेली, आपल्या शेजाऱ्यांच्या अंगावर तपासून पाहिलेली, आणि वर तिचं समर्थन करणारा सूटबुटातला माणूस. तिच्या कागदावर 'तोटा' नावाचा रकाना नव्हता. कारण तोटा दुसऱ्याचा होता.

चौथी गोष्ट. इथे मी माझ्या खेळणाऱ्या मित्रांनाही बोलणार आहे, राग मानू नका.

आपण नेहमी म्हणतो, 'अरे, हा फक्त खेळ आहे'. हे उत्तर आळशी आहे. खेळातली गोष्ट माणसाच्या डोक्यात काही ना काही ठेवून जाते, नाहीतर आपण वीस वर्षं खेळलो कशाला असतो? फक्त ती कुठली हे नीट बघा. फुटणाऱ्या, जाळणाऱ्या गोळ्यांनी माझं डोकं बिघडलं नाही, कारण त्या भयंकर आहेत हे कुणीही सांगू शकतं. डोकं बिघडवणारी गोळी वेगळी आहे, आणि ती म्हणजे स्वच्छ गोळी. 'शॅडोरन' या १९८९ च्या खेळात जेलची गोळी आहे. लागली की माणूस बेशुद्ध पडतो, मरत नाही. किती सोय! पहारेकऱ्याला पाडायचं, पुढे जायचं, सकाळी तो उठणार, डोकं चोळणार आणि घरी जाणार. आम्ही शंभर वेळा वापरली असेल. मनाला काही लागत नाही.

खऱ्या जगात अशी गोळी नाही. ब्रिटिश लष्कराने उत्तर आयर्लंडमध्ये १९७० पासून रबरी आणि १९७३ पासून प्लॅस्टिकच्या गोळ्या वापरल्या, जीव जाऊ नये म्हणून. १७ माणसं मेली, त्यात लहान मुलंही होती. आपल्याकडे २०१६ मध्ये काश्मीरमध्ये पेलेट वापरले, तेही 'कमी घातक' म्हणूनच. शेकडो लोकांच्या डोळ्यांना इजा झाली. आता कमेंटमध्ये येईल, 'मग दगड मारणाऱ्यांना फुलं द्यायची का?' नाही बाबा. पोलिसांवर आणि जवानांवर दगड पडतात, त्यांनाही डोळे आहेत, घर आहे. माझं म्हणणं इतकंच की, 'या गोळीने कुणाचं फार नुकसान होत नाही' असं कुणीही सांगितलं, मग ते खेळाचं पुस्तक असो की सरकार, की आपण लगेच विचारायला हवं: तोटा काय? कुणाचा?

म्हणून आमच्या टेबलावर आता नियम केलाय. जेलची गोळी लागलेल्या प्रत्येक माणसासाठी एक फासा टाकायचा. एक पडला तर तो उठत नाही. पहिल्यांदा एक पडला तेव्हा टेबलावर सगळे गप्प झाले. भाच्याने विचारलं, "मामा, त्याच्या घरी कोण होतं?" ते मला सांगावं लागलं. पुढचे दोन रविवार आमची गोष्ट त्या पहारेकऱ्याच्या घराभोवतीच फिरली. हा मुलगा म्हणे हिंसक!

पाचवी गोष्ट. शाळेने वही घेतली ते काय नवल, अमेरिकेत सरकारनेच घेतली होती. १ मार्च १९९०. टेक्सासमधलं ऑस्टिन. स्टीव्ह जॅक्सन गेम्स ही छोटी कंपनी, वर ज्या गर्प्सबद्दल लिहिलं तो त्यांचाच खेळ. तिच्यावर सिक्रेट सर्व्हिसने छापा घातला. संगणक नेले, लोकांचे ईमेल असलेली यंत्रणा नेली, आणि 'गर्प्स सायबरपंक' या न छापलेल्या पुस्तकाचं हस्तलिखितही नेलं. त्यात कल्पित भविष्यातले हॅकर आणि बलाढ्य कंपन्या. जॅक्सन यांनी विचारल्यावर एजंट त्यांना म्हणाला की हे तर संगणक-गुन्ह्यांचं हस्तपुस्तक आहे. ते सांगत राहिले की बाबा रे, हा खेळ आहे.

मूळ कारण काय होतं? टेलिफोन कंपनीचा एक कागद हॅकरांच्या मासिकात छापला होता आणि जॅक्सन यांच्याकडच्या एका लेखकावर संशय होता. कंपनीने त्या कागदाची किंमत सांगितली ७९,४४९ डॉलर. पुढे दुसऱ्याच खटल्यात कळलं की तीच माहिती कुणालाही १३ डॉलरला विकत मिळत होती. तो खटला तिथेच कोसळला.

इकडे जॅक्सन यांच्यावर एकही आरोप ठेवला गेला नाही. पण संगणक परत यायला महिने गेले, जवळपास निम्मे लोक कामावरून काढावे लागले, पुस्तक जुन्या कच्च्या प्रतींवरून पुन्हा जुळवावं लागलं. ते कोर्टात गेले. १९९३ मध्ये न्यायाधीश सॅम स्पार्क्स यांनी निकाल दिला, पन्नास हजार डॉलरहून जास्त भरपाई आणि वकिलांचा खर्च वेगळा. डिजिटल हक्कांसाठी लढणारी इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन ही संस्था उभी राहण्यामागे हेही एक प्रकरण होतं. आणि पुस्तक छापलं तेव्हा मुखपृष्ठावरच टाकलं की सिक्रेट सर्व्हिसने जप्त केलेलं ते हेच!

जॅक्सन यांच्याकडे वकील होते. नववीतल्या पोराकडे कोण आहे? एक मामा आहे, तोही फेसबुकवर बडबडणारा.

आपल्याकडे हे नवं नाही. २०१९ च्या मार्चमध्ये राजकोटला पबजी खेळतात म्हणून तरुण मुलांना पोलिसांनी पकडलं होतं. त्याआधी १९८० च्या दशकात अमेरिकेत डंजन्स अँड ड्रॅगन्समुळे मुलं सैतानाच्या नादी लागतात अशी आवई होती. दर पिढीला एक खेळ सापडतो, ज्याच्या माथी सगळं मारता येतं. खेळ पकडायला सोपा असतो ना. वही जप्त करता येते, फासे कचऱ्यात टाकता येतात. पोराशी तासभर बसून बोलणं अवघड असतं.

आणि गंमत बघा. त्याच शाळेत स्नेहसंमेलनाला मुलं हातात लाकडी बंदुका घेऊन देशभक्तीपर गाण्यावर नाचतात, शेवटी 'शत्रू' आडवे पडतात, पालक टाळ्या वाजवतात. मीही वाजवल्यात. तिथे हिंसक प्रवृत्ती कुणाला दिसत नाही. म्हणजे आक्षेप बंदुकीला नाहीच. मोठ्यांनी हातात दिलेली बंदूक चालते. मुलाने स्वतः विचार करून, फायदा-तोटा लिहून कल्पिलेली चालत नाही. हे मला जास्त भीतीदायक वाटतं.

माझी मागणी फार नाही. एक, वही परत द्या. ती मुलाची आहे. दोन, शेरा काढून टाका, आणि ठेवायचाच असेल तर आधी वही पूर्ण वाचा आणि मग लिहा. तीन, समुपदेशकाला माझा विरोध नाही, मुलाशी बोलणारा माणूस चांगलाच. पण ते शिक्षा म्हणून नको. आज वर्गात मुलं 'समुपदेशनवाला' म्हणून त्याला चिडवतात. ज्या मुलाला उद्या खरंच मदत लागेल, तो हे बघून तोंड उघडेल का?

सोमवारी मी ताईबरोबर शाळेत जाणार आहे. भांडायला नाही. सोबत फासे नेणार आहे. मुख्याध्यापक मॅडमनी वीस मिनिटं दिली तर एक छोटा प्रसंग खेळून दाखवीन. पहारेकरी त्यांना करीन.

भावोजींना एवढंच सांगायचंय, तुम्ही ही पोस्ट वाचताय मला माहितीये. नवे फासे मी आणलेत. पण ते त्याला मी देणार नाही. तुम्ही द्या.

पटलं तर शेअर करा. नाही पटलं तर कमेंटमध्ये भांडा, उत्तर देईन. फक्त मुलाला शिव्या नकोत, तो हे वाचणार आहे.

(कुणाकडे अशीच जप्त झालेली वही, चित्र, गोष्ट असेल तर नक्की लिहा. शाळेचं नाव नको, मुलाचं नाव नको. काय होतं तेवढंच सांगा.)